तुडमाखालचं यान

आमच्या तलावाच्या बुडाशी परक्या ग्रहावरचं एक यान चिखलात रुतून बसलं आहे, ही बातमी मी पसरवली. त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. तेव्हा ती मी एका सहा वर्षांच्या मुलीच्या कानात सांगितली होती आणि ती तिच्यापुरतीच राहील अशी माझी समजूत होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. आवाज कसा पसरतो हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तरीही हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आधी तलावाचं सांगते. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, धानाचं. तलाव जुना, गोंड राजांच्या अमदानीतला. राजाने म्हणे हुकूम काढला होता की जो तलाव बांधेल, तलावाखालची जमीन त्याची. माझ्या सासरचे पूर्वज त्या हुकुमावर आले, त्यांनी मातीची लांबच लांब पाळ घातली आणि इथलेच झाले. पाळीच्या मधोमध, खालच्या अंगाला, पाणी सोडायचं दगडी तोंड आहे. त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्याचं लाकडी बूच ओढून काढलं की पाणी पाटाने धानात जातं. पाळीवरून, हवा स्वच्छ असली तर, प्रतापगडाचा डोंगर दिसतो.

पाऊस सरत येतो, धान गर्भावर येतं आणि एका सकाळी तुडूम उघडतात. पण आमच्याकडे नुसतं बूच ओढून भागत नाही. आधी तलावाची गोष्ट सांगावी लागते. आमच्या घरातला सगळ्यांत थोरला पुरुष तुडमाच्या बरोबर वर पाळीवर उभा राहतो, गाव पाळीवर जमतं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गोष्ट झाल्याशिवाय कोणी बुचाला हात लावत नाही.

गोष्ट अशी. सात भावांनी पाळ घातली. ती फुटली. पुन्हा घातली, पुन्हा फुटली, तीही त्याच जागी. तिसऱ्यांदाही तेच. मग थोरल्या भावाच्या, म्हणजे पाटलाच्या, स्वप्नात तलाव आला आणि म्हणाला, मला तुझ्या घरचं एक माणूस दे. सकाळी पाटलाने सगळं घर पाळीवर गोळा केलं आणि विचारलं, कोण उतरतं? भावांनी खाली पाहिलं. मुलांनी त्याहून खाली पाहिलं. शेवटी त्याच वर्षी लग्न होऊन आलेली धाकटी सून पुढे झाली आणि पाटलाला, आपल्या सासऱ्याला, म्हणाली, “मामाजी, मी उतरते.” पाटील म्हणाला, “जा माय.” ती हातात दिवा घेऊन तुडमाच्या जागी उतरली, तिच्यावर माती पडली आणि पाळ टिकली. ती आजतागायत टिकून आहे.

म्हणून त्या दिवशी आमच्या घरच्या सुना पाळीवर पाय ठेवत नाहीत. त्या खाली, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, डोक्यावर पदर घेऊन आणि तलावाकडे पाठ करून उभ्या राहतात. गोष्ट संपली, बूच निघालं की पहिलं पाणी त्यांच्या पायांवरून जातं. हा मान असतो, असं मला सांगण्यात आलं.

माझं माहेर मुर्रीचं. गोंदियाला टेकलेलं गाव, त्यामुळे आमच्या घरी भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. माझ्या वडिलांनी मला बी.एस्सी. करवून या धानाच्या गावात दिली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी चिखलात पाठमोरी उभी राहून ही गोष्ट ऐकली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं भरलेलं घर, सात भाऊ, त्यांची धडधाकट मुलं, आणि उतरली कोण, तर जिला अजून घरातली मिठाची बरणी कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं ती! शिवाय पाळ त्याच जागी फुटते आहे म्हणजे तिथली माती भुसभुशीत आहे, एवढं साधं कोणाच्या डोक्यात येऊ नये? पण हे बोलणार कोणाला? गोष्ट सांगणारे माझे सासरे होते आणि सासऱ्यांशी आमच्या घरात सून थेट बोलत नाही.

हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मुख्याध्यापकांशी वाद घालते, केंद्रप्रमुखांना दोन शब्द सुनावते, पण मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, माझं सगळं बोलणं सासूबाईंच्या मार्फत चालायचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. मामाजी ओसरीवर बसून म्हणायचे, “तिले सांग, चहात साखर कमी नको टाकू.” मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. मग मी आत्याबाईंना म्हणायचे, “सांगा त्यांना, डॉक्टरांनीच सांगितलं आहे.” आत्याबाई दोघांकडे बघून म्हणायच्या, “आयकलं ना दोघांनीबी? मले काऊन मधात घेता मंग?” पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

तर माझी मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिने पहिल्यांदा पाळीवर बसून ती गोष्ट नीट ऐकली. घरी आली ती माझा पदर धरूनच. मी विहिरीवर निघाले तर ही मागे, शेताकडे निघाले तर ही आडवी. दोन दिवस मला काही समजेना. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने विचारलं, “मम्मी, तू पण सूनच आहेस ना?” मी म्हटलं, हो. तर म्हणते, “मग पाळ फुटली की तुलेच देतील?”

माझ्या हातातली भाजी हातातच राहिली. राग आला. त्या क्षणी मला जे सुचलं ते मी सांगून टाकलं. म्हटलं, अगं, आजोबांना पुढची गोष्ट माहीतच नाही. ती सून मेली बिली काही नाही. पाळ फुटत होती कारण खाली एक यान रुतलं होतं. फार लांबच्या ताऱ्यावरून आलेलं. त्याचं इंजिन गरम व्हायचं, त्याने माती भाजून निघायची आणि पाळ तडकायची. सात भावांना हे समजलं नाही, कारण ते सगळे वर उभे राहून एकमेकांना हुकूम सोडत होते. धाकट्या सुनेने मात्र जमिनीला कान लावला आणि तिला घरघर ऐकू आली. मग तिने पितळेची घागर डोक्यावर उपडी घातली, ते तिचं हेल्मेट, आणि ती खाली उतरली. यानाचं दार ठोठावलं. आतल्याने भीत भीत उघडलं. तिने आत जाऊन इंजिनाला ओल्या तणसाचं, धानाच्या पेंढ्याचं, वेटोळं गुंडाळलं, इंजिन थंड झालं, पाळ टिकली.

“मग ती वर काऊन नाही आली?” पोरीने विचारलं. माझीच मुलगी, प्रश्न सोडणार कसा!

मी म्हटलं, त्या यानात वेळ हळू चालतो. वर चार-पाचशे वर्षं झाली, पण खाली तिने चुलीवर भात टाकला आहे तो अजून शिजायचा आहे. शिजला की येईल.

पोरगी समाधानाने गेली. दोन दिवसांनी विचारून गेली की भाताबरोबर भाजी काय आहे. मी सांगितलं, पातोडी. त्यानंतर माझा पदर सुटला.

पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुलांनी चित्रकलेच्या वह्यांत घागर घातलेली, नऊवारी नेसलेली, हातात दिवा घेतलेली बाई काढली. मागे यान. एकाने यानावर आमदाराच्या गाडीसारखा लाल दिवाही लावला होता. मला बरं वाटलं हे लपवण्यात अर्थ नाही. मग मला चटकच लागली. विज्ञानाच्या तासाला शेवटची दहा मिनिटं मी जुन्या राजाराण्यांच्या गोष्टी घ्यायचे आणि त्यांना यंत्रं जोडायचे. ज्या राजाने वाघाच्या पाठीवर बसून राज्य जिंकलं त्याच्या वाघात मी बॅटरी घातली. जी राणी शत्रू येताच विहिरीत गुप्त झाली तिच्या विहिरीला दुसऱ्या ग्रहावर तोंड काढून दिलं. फक्त प्रतापगडाला मी हात लावला नाही. तिथे महादेवही आहे आणि दर्गाही, आणि एकाच वेळी दोघांची समजूत काढण्याइतकी माझी तयारी नव्हती.

मामाजींपर्यंत हे पोहोचलंच. संध्याकाळी ते आत्याबाईंना म्हणाले, “तिले विचार, आमच्या सुनेच्या डोक्यावर घागर कायले उपडी केली?” मी आत्याबाईंना म्हटलं, “सांगा त्यांना, पाण्यात श्वास घ्यायला.” मामाजी म्हणाले, “तिले सांग, आमची गोष्ट पाचशे सालाची हाये. तिची मशीन पुढच्या साली बिघडन.” तेव्हापासून त्यांनी माझं नाव सायन्सबाई ठेवलं. माझ्यासमोर, अर्थात आत्याबाईंकडे बघून.

आत्याबाई गेल्या त्याला आता पाच वर्षं होतील. तेराव्यापर्यंत पाहुण्यांच्या गर्दीत आमचं निभावलं. मग मुलगी शिकायला नागपूरला परत गेली, घरात आम्ही तिघंच उरलो आणि माझा नवरा दिवसभर शेतावर. पहिल्या सकाळी मामाजी ओसरीवर बसून चहाची वाट पाहत होते, मी चहा घेऊन उभी होते आणि मधे कोणी नव्हतं. फार वाईट वाटलं. त्यांनाही वाटलं असणार. शेवटी ओसरीच्या लाकडी खांबाला म्हणाले, “चहा ठेव म्हणा.” मी खांबाशेजारी चहा ठेवला आणि खांबाला सांगितलं की साखर कमीच आहे. तिथून पुढे सगळा कारभार त्या खांबाने सांभाळला. आत्याबाईंसारखा तो कुरकुरत नव्हता, एवढाच फरक.

दोन वर्षांपूर्वी मामाजी विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग जेवलो की नाही. वय ऐंशीच्या पुढे, डॉक्टर म्हणाले असं व्हायचंच. ते शेजाऱ्याचं नाव विसरले तर हसून घालवायचे. पण एका सकाळी ते ओसरीवर पुटपुटत बसले होते आणि मधेच थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. मग खांबाकडे बघून हळूच म्हणाले, “पाळ तीनदा फुटली का चारदा?” त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.

भीती कशाची ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गोष्ट सांगणारा अडला आणि त्याच्याच घरच्या कोणी पुढचा शब्द दिला तर चालतं. परक्या घरच्याने दिला, तर पुढच्या वर्षीपासून गोष्ट त्या घरची. आमच्याकडे ती तशीच आली होती. मामाजींच्या आजोबांच्या वेळी गोष्ट पलीकडच्या घरी, म्हणजे चुलत घराण्यात होती. सांगणारे तोंडातला तंबाखू थुंकायला मधेच थांबले आणि मामाजींच्या त्या आजोबांनी तेवढ्यात पुढचं वाक्य म्हणून टाकलं. त्या एका पिचकारीचा राग पलीकडच्या घराने अजून सोडलेला नाही. हल्ली त्या घरचे थोरले म्हणजे मामाजींचे चुलतभाऊ, त्यांना मी काकाजी म्हणते. माणूस वाईट नाही. पण मामाजी विसरायला लागले हे कळल्यापासून ते वरचेवर तब्येत विचारायला येऊ लागले. येऊन बसायचे आणि सहज विचारायचे, “दादा, त्या सात भावाइतला तिसरा कोन होता गा?”

गेल्या साली गोष्ट कशीबशी पार पडली. यंदा मामाजींनी सराव सुरू केला. कोणासमोर? माझ्या नवऱ्यासमोर करून उपयोग नव्हता. त्याचं गोष्टीत कधी लक्षच नसतं, तो जन्मभर बुचाकडे बघत आला आहे. माझ्यासमोर करता येईना. म्हणून त्यांनी नात निवडली. ती आता नागपूरला नर्सिंग करते. रोज संध्याकाळी ते तिला फोन लावायचे, फोन खांबाला टेकवून ठेवायचे आणि गोष्ट सांगायचे. अडले की ती पुढचं सांगायची. मी स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकायचे आणि मला वाटायचं, चला, पोरगी कामाला आली.

तुडूम उघडायला पंधरा-वीस दिवस राहिले असताना मी एकदा ओसरीवर दिवा लावायला गेले. मामाजी डोळे मिटून रंगात आले होते. “मंग धाकट्या सुनेनं जमिनीले कान लावला,” ते म्हणाले. “अन् तिले घरघर आयकू आली.”

माझ्या हातून काडी विझली. मी आत जाऊन पोरीला फोन केला. म्हटलं, हे तू त्यांना काय शिकवते आहेस? ती म्हणाली, “मम्मी, मला दुसरी येतच नाही. मी सहा वर्षांची असताना आजोबांची एकदा ऐकली आणि घाबरले. त्यानंतर मी पाळीवर गेलेच नाही. तूच सांगितलं होतं ना, आजोबांना पुढची गोष्ट माहीत नाही म्हणून? मग ते अडले की मी सांगते.”

दोष कोणाचा हे शोधायला फार लांब जायला नको होतं. माझ्या पोरीची भीती घालवायला मी जे यान चिखलात रुतवलं, ते आता म्हाताऱ्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. जिथे जिथे जुनी गोष्ट गळली, तिथे तिथे माझी भरली गेली. आणि गावासमोर त्यांनी घरघर म्हटलं असतं, तर काकाजी तिथेच खरा शब्द देऊन गोष्ट घेऊन गेले असते.

मग मी शिकवणी घेतली. खांबाची. सकाळी अंगण झाडताना मी खांबाला मोठ्याने सांगायचे, पाळ तीनदा फुटली, स्वप्नात तलाव आला, पाटलाने घर गोळा केलं. मामाजी ऐकायचे, मान हलवायचे. आणि तेव्हा एक गंमत माझ्या लक्षात आली. जी गोष्ट मला फुटक्या डोळ्याने बघवत नव्हती, ती मला शब्दन् शब्द पाठ होती. पंचवीस वर्षं पाठमोरी उभी राहून ऐकली होती मी. वर्गात माझी मुलं इतकं लक्ष देत नाहीत. मामाजी एकदा खांबाला म्हणाले, “सायन्सबाई चांगली सांगते गा. पण आवाजात राग हाये.” खांब काही बोलला नाही, मी केर भरला.

तो दिवस आला. सकाळी ऊन स्वच्छ होतं, प्रतापगडाचा डोंगर दिसत होता. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, पांढरी टोपी घातली. नवऱ्याने त्यांना हात धरून पाळीवर चढवलं आणि तो स्वतः दोघा-तिघांबरोबर तुडमाशी जाऊन उभा राहिला. काकाजी मामाजींच्या अगदी शेजारी, जणू आधार द्यायलाच. मी आणि भाऊबंदांतल्या चार-पाच सुना खाली बांधीत, पाठमोऱ्या.

मामाजींचा आवाज बारीक झाला होता, पण सुरुवात छान झाली. राजाचा हुकूम झाला. सात भाऊ आले. पाळ फुटली, पुन्हा फुटली, तिसऱ्यांदा फुटली. मी बोटं मोजत होते. स्वप्न झालं. पाटलाने घर गोळा केलं, कोण उतरतं म्हणून विचारलं.

“मंग,” मामाजी म्हणाले, “मंग धाकट्या सुनेनं घागर...”

पाळीवर खसखस पिकली. पोरं तर खूशच झाली, त्यांची गोष्ट आली म्हणून. पण मामाजींना काहीतरी चुकलं हे कळलं आणि ते थांबले. मी पाठमोरी होते, तरी ते थांबणं मला मानेवर जाणवलं. “घागर,” ते पुन्हा म्हणाले. “नाही. घागर नाही. मंग...”

काकाजी खाकरले. गळा साफ करून त्यांनी सुरुवात केली, “मंग धाकटी...”

मी वळले. सुनेने तलावाकडे तोंड करायचं नसतं, मी केलं. पदर कधी खांद्यावर आला कळलं नाही. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज आहे, तो मी पूर्ण सोडला. “मामाजी, मग धाकटी सून पुढे झाली अन् म्हणाली, मामाजी, मी उतरते!”

पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. शेजारची सून मला चिमटे काढत होती.

मामाजींनी वरून खाली पाहिलं. आता पाटलाचे दोनच शब्द यायचे होते. जा माय. ते मी खांबाला रोज शिकवले होते आणि रोज शिकवताना माझे दात आवळले जायचे.

“नको,” मामाजी म्हणाले.



“नको माय. नको उतरू. फुटली पाळ तं फुटू दे. आपन पुन्हा घालू.” ते एक एक शब्द सावकाश बोलत होते, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे. “मंग साऱ्या घरानं मिळून पाळ घातली. सुनाइनंबी माती वाहिली. अन् ते टिकली. झाली गोष्ट.”

काकाजी लालबुंद झाले. “हे काय होय दादा? असं नाही ते! आन् दुसरं म्हनजे तुम्ही अडले. सुनेनं शब्द देल्ला. सून काई घरची नोहे, ते बाहेरून आलेली. म्हनजे गोष्ट गेली तुमच्या घरून!”

लोक मामाजींकडे पाहू लागले. खरं सांगते, मला वाटलं संपलं. नियमात सुनेचं काहीच म्हटलेलं नव्हतं, कारण सून बोलेल असं नियम करणाऱ्यांच्या मनातच आलं नसणार.

मामाजींनी टोपी नीट केली. गेल्या दोन वर्षांत इतक्या स्वच्छ नजरेने त्यांनी कोणाकडे पाहिलं नव्हतं. “भाऊ,” ते म्हणाले, “जीव द्याले सून घरची, अन् शब्द द्याले बाहेरची का?”

काकाजींनी बोलायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात माझ्या नवऱ्याने, ज्याने आयुष्यात या गोष्टीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, “झाली गोष्ट” हे दोन शब्द मात्र ऐकले होते, म्हणून त्याने बूच ओढलं. पाणी गडगडत सुटलं. वादाला जागाच उरली नाही, कारण सुटलेलं पाणी आता परत कोण भरणार? ते पाटातून आलं आणि माझ्या पायांवरून गेलं. गार होतं. मी तशीच तलावाकडे तोंड करून उभी राहिले आणि मला रडू आलं. ते मी घामावर ढकललं.

काकाजींनी प्रसादाचं गूळ-खोबरं घेतलं, दोनदा घेतलं, आणि घरची वाट धरली.

दुपारी मी चहा केला. सवयीने खांबाशेजारी ठेवला आणि खांबाला सांगायला तोंड उघडलं. मामाजी खांबाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“बाई,” ते म्हणाले, “पुढच्या साली गोष्ट तू सांगजो. पाळीवर उभी राहून.”

जे सकाळपासून मनात होतं तेच मी विचारलं. “मामाजी, ते ‘नको’ तुम्ही ठरवून म्हणालात, की जुनं विसरलात म्हणून?”

त्यांनी चहाचा घोट घेतला, साखर कमी आहे हे तोंड वाकडं करून दाखवलं आणि म्हणाले, “मले कुठं काई आठवते आता? तुले आठवते ना? मंग तेवढं गोष्टीत ठेवजो.” मग कप खाली ठेवून, “अन् मशीन जराशी कमी लावजो.”